गट जुळला म्हणजे रक्त जुळले, असे नाही

रक्ताबद्दलचा एक संदेश थोड्याफार फरकाने वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याचा मजकूर साधारण असा: ‘रक्तपेढीवाले फुकट घेतलेले रक्त दीड हजाराला विकतात, एका पिशवीच्या तीन करतात. गट जुळला की पुरे, क्रॉसमॅच हे नातेवाइकांना ताटकळत ठेवायचे निमित्त आहे. सख्ख्या भावाचे किंवा मुलाचे ताजे रक्त सर्वांत निर्धोक. ओ निगेटिव्ह कोणालाही डोळे झाकून चालते. पिशवी थंड असेल तर गरम पाण्यात धरा.’

पैशांचा मुद्दा नंतर घेऊ. आधी जिवावर बेतणारे.

‘गट जुळला की क्रॉसमॅच कशाला?’

क्रॉसमॅच म्हणजे रुग्णाचे रक्त ठरलेल्या पिशवीशी जुळते का, याची चाचणी. गट तपासताना ए, बी आणि आरएच-डी (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारा) एवढेच अँटिजेन, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, पाहिले जातात. तांबड्या पेशींवर असे तीनशेहून अधिक अँटिजेन ओळखले गेले आहेत. एरवी त्यांचा त्रास होत नाही. पण जिची दोन-तीन बाळंतपणे झाली आहेत अशी बाई, किंवा दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागणारा थॅलेसेमियाचा मुलगा, यांच्या रक्तात अँटी-ई किंवा अँटी-केलसारखी अँटिबॉडी, म्हणजे परक्या अँटिजेनवर हल्ला करणारे प्रथिन, आधीच तयार झालेली असू शकते. अशांना त्यांच्याच गटाची पिशवी लावली तरी, तिच्यात तो अँटिजेन असेल तर, दात्याच्या पेशी फुटतात. कधी लगेच, कधी आठवडाभराने. कावीळ दिसते, हिमोग्लोबिन पुन्हा खाली येते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

क्रॉसमॅचमध्ये रुग्णाचे सीरम (रक्तातला पेशींविना उरलेला, अँटिबॉडी असलेला द्रव) आणि त्याच पिशवीच्या नळीतल्या पेशी एकत्र आणून पाहतात. खोलीच्या तापमानाला केलेली चाचणी ए-बी-ओची गफलत पकडते. ३७ अंशांवर ठेवून पुढे कूम्ब्सचे द्रव्य (पेशींना चिकटलेल्या अँटिबॉडी उघड करणारे) वापरले की बाकीच्या धोकादायक अँटिबॉडी दिसतात. जेल कार्डवर (जेल भरलेल्या बारीक नळ्यांच्या चाचणीपट्टीवर) १५ मिनिटे उबवणे आणि १० मिनिटे यंत्रात गरगर फिरवणे एवढाच वेळ लागतो. त्याआधी रुग्णाचा व पिशवीचा गट पुन्हा तपासायचा असतो, नंतर नोंदी असतात. सगळे मिळून पाऊण ते एक तास होतो. काही जुळलेच नाही तर अधिक.

मुंबईचे उदाहरण तर या दाव्यावर थेट उतारा आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगटाची पहिली नोंद केली. या लोकांच्या पेशींवर ए नाही, बी नाही आणि ओ गटाच्या पेशींवर भरपूर असणारा एच अँटिजेनही नाही. अँटी-ए आणि अँटी-बीचे थेंब टाकून स्लाइडवर गट पाहिला तर उत्तर ‘ओ’ असेच येते. मात्र त्यांच्या रक्तात जोरदार अँटी-एच असते. ओची पिशवी लावली तर जीव जाऊ शकतो. सीरमची उलट तपासणी करताना, म्हणजे ते ज्ञात गटांच्या पेशींत मिसळून पाहताना, ओच्या पेशींच्याही गुठळ्या झाल्या की संशय येतो. तीही चुकली तर क्रॉसमॅचमध्ये ओची एकही पिशवी जुळत नाही आणि घोळ तिथे थांबतो. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाचा. म्हणजे एका मोठ्या तालुक्यात वीस-तीस माणसे, आणि त्यांतल्या अनेकांच्या कार्डावर ‘ओ पॉझिटिव्ह’ लिहिलेले असणार.

क्रॉसमॅच एका गोष्टीपुढे मात्र हतबल असते: चुकीच्या माणसाचा नमुना. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे रक्त तुमच्या नावाच्या ट्यूबमध्ये गेले, तर चाचणी अगदी व्यवस्थित जुळते आणि भलत्यालाच पिशवी लागते. म्हणून ट्यूबवर नाव आणि नोंदणी क्रमांक खाटेजवळच, नमुना घेतल्या घेतल्या लिहायचे असतात. नातेवाइकांनी घाई करायचीच असेल तर ही नोंद नीट करून घेण्याची करावी. पिशवी लावल्यावर पहिली १५ मिनिटे थेंब सावकाश ठेवून रुग्णाजवळ थांबावे लागते. थंडी वाजून ताप, कंबरेत कळ, लाल लघवी, रक्तदाब घसरणे, यांपैकी काहीही दिसले की नळी आधी बंद, फोन नंतर.

‘भावाचे ताजे रक्त सर्वांत निर्धोक’

हा दावा ऐकायला मायेचा वाटतो, म्हणूनच तो सर्वांत चिवट आहे. दात्याच्या रक्तात जिवंत लिम्फोसाइट, म्हणजे परक्यांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, असतात. परक्याच्या असतील तर रुग्णाचे शरीर त्यांना ओळखून संपवते. जवळच्या नातेवाइकाच्या असतील तर एचएलएचा (आपले-परके ओळखायच्या, आईवडिलांकडून येणाऱ्या खुणांचा) अर्धा संच सारखा निघू शकतो. मग रुग्णाचे शरीर त्यांना आपलेच समजते, आणि त्या पेशी मात्र रुग्णाला परका मानून त्याच्यावर उलटतात. दोन दिवसांपासून साधारण महिन्याभरात ताप, अंगावर पुरळ, जुलाब सुरू होतात आणि शेवटी अस्थिमज्जा बंद पडते. हा प्रकार दुर्मीळ आहे, पण झाला तर दहांपैकी नऊहून अधिक रुग्ण दगावतात. रक्त जितके ताजे तितक्या या पेशी तरतरीत, म्हणजे संदेशातला ‘ताजेपणा’ इथे धोका वाढवतो. खात्रीचा उपाय म्हणजे पिशवीला किमान २५ ग्रे (किरणांची मात्रा मोजायचे एकक) किरणोत्सर्ग देणे, म्हणजेच ती इरॅडिएट करणे. फक्त ल्युकोसाइट फिल्टर (पांढऱ्या पेशी गाळणारी गाळणी) लावून भागत नाही. नातेवाइकाचेच रक्त द्यायची वेळ आली, तर पिशवी इरॅडिएट केली आहे का, हे विचारा.

नवऱ्याचे रक्त बायकोला देणे तर, पुढे मूल हवे असेल तर, टाळलेलेच बरे. नवऱ्याच्या अँटिजेनविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी वारेतून बाळापर्यंत पोचते.

ताजे रक्त अधिक गुणकारी असते का, हे मोठ्या चाचण्यांत तपासून झाले आहे. २०१५ मध्ये अतिदक्षता विभागातल्या आणि हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरच्या आणि २०१६ मध्ये वीस हजारांहून अधिक रुग्णांवरच्या चाचण्यांचे निकाल आले. ताज्या रक्ताने मृत्यू कमी झाले नाहीत. सीपीडीए-१ या टिकवणाऱ्या द्रावणातले रक्त ३५ दिवस आणि सॅगएम हे दुसरे द्रावण घातलेल्या तांबड्या पेशी ४२ दिवस, २ ते ६ अंशांत, वापरण्याजोग्या राहतात.

शिवाय दारात उभ्या केलेल्या नातेवाइकाला ‘गेल्या वर्षी कावीळ झाली होती’ हे चारचौघांत सांगणे जड जाते. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस व मलेरिया या पाच चाचण्या सक्तीच्या आहेत, पण संसर्गानंतरचे सुरुवातीचे दिवस त्यांत सापडत नाहीत. दात्याचे खरे उत्तर हीच तिथली गाळणी.

‘ओ निगेटिव्ह कोणालाही चालते’

फक्त तांबड्या पेशींपुरते, आणि तेही तातडीत. ओ गटाच्या प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवात) अँटी-ए आणि अँटी-बी दोन्ही असतात, त्यामुळे प्लाझ्मासाठी सर्वांना चालणारा गट एबी आहे. रक्तस्राव थांबतच नसेल तर डॉक्टर लेखी मागणी करून क्रॉसमॅचपूर्वी ओ निगेटिव्ह पेशी घेऊ शकतात. चाचणी मागे सुरूच राहते. भारतात निगेटिव्ह गट मिळून जेमतेम पाच टक्के. तो साठा एरवी उधळायचा नसतो.

‘फुकट घेऊन विकतात’

रक्ताची किंमत घेता येत नाही, प्रक्रियाशुल्क घेता येते. पैसे घेऊन रक्त देणारे दाते सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंद झाले. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने २०२२ मध्ये ठरवलेली कमाल शुल्के अशी: तांबड्या पेशींच्या पिशवीला सरकारी पेढीत ११०० आणि खासगीत १५५० रुपये, प्लाझ्मा किंवा प्लेटलेटला ३०० आणि ४००. त्यात पिशवी, तपासण्या, रक्ताचे घटक वेगळे करणे, शीतसाखळी आणि क्रॉसमॅच येते. नॅटसारख्या (विषाणूचे जनुकीय द्रव्य थेट शोधणाऱ्या) जादा तपासणीचे पैसे वेगळे लागू शकतात, पण ते बिलात वेगळे दिसायला हवेत. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलियाच्या रुग्णांना शुल्क माफ आहे.

एका पिशवीच्या तीन होतात हे खरे, आणि तसेच व्हायला हवे. ४५० मिलिलिटर रक्तातल्या तांबड्या पेशी रक्तक्षयाच्या रुग्णाला, प्लाझ्मा भाजलेल्याला, प्लेटलेट डेंग्यूत रक्तस्राव होणाऱ्याला जातात. प्लेटलेट २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवून पाचच दिवस टिकतात, म्हणून बऱ्याच वायाही जातात. तरीही कोणी ठरलेल्या दरापेक्षा जास्त घेत असेल तर तो गैरप्रकारच आहे. बिल जपून ठेवा आणि राज्य रक्त संक्रमण परिषदेकडे किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा.

‘गरम पाण्यात धरा’

अजिबात नको. जास्त उष्णतेने पेशी पिशवीतच फुटतात आणि मोकळे हिमोग्लोबिन मूत्रपिंडाला इजा करते. मोठ्या रक्तस्रावात वेगाने अनेक पिशव्या द्यायच्या असतील तर ब्लड वॉर्मर वापरतात. एरवी थंड पिशवी तशीच सावकाश लावलेली चालते, फक्त पेढीतून आणल्यावर अर्ध्या तासात सुरू करून चार तासांत संपवायची. त्याच नळीतून डेक्स्ट्रोज (साखरेचे सलाइन) किंवा रिंगर लॅक्टेट (क्षारांचे सलाइन) जाऊ देऊ नये: पहिल्याने पेशी फुटतात, दुसऱ्यातल्या कॅल्शियमने गुठळ्या होतात. नॉर्मल सलाइन (मिठाचे साधे सलाइन) तेवढे चालते.