कॉपी केस झाली असेल तर समितीसमोर जायलाच हवं

‘कॉपी केस झालेल्या सर्व विद्यार्थ्यांनी जरूर वाचा’ असा एक मेसेज कॉलेजच्या ग्रुपांवर फिरतोय. सेमिस्टरच्या परीक्षा आल्या की तो नव्यानं उगवतो. यंदा तो माझ्या भाचीनं मला पाठवला आणि खाली स्वतःची एक ओळ लिहिली, ‘मावशी, मग मी नाही जात.’ ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेपरला तिच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली, केस झाली, आता चौकशी समितीची नोटीस आलीय. चिठ्ठी तिचीच होती, आणि त्याबद्दल मला तिला जे बोलायचं होतं ते मी बोलले. पण आपल्या चुकीची शिक्षा भोगणं वेगळं आणि कुणीतरी लिहिलेल्या खोट्या सल्ल्यापायी ती वाढवून घेणं वेगळं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. समितीसमोर जाऊ नका, गेलात की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. तुम्ही गैरहजर असाल तर समितीला निर्णयच देता येत नाही आणि 90 दिवसांत केस आपोआप रद्द होते. परीक्षा हॉलमध्ये कशावरही सही करू नका. चिठ्ठी सापडली पण त्यातलं उतरवलं नसेल तर गुन्हा होत नाही. वकील सोबत नेणं हा तुमचा हक्क आहे. कोर्टात गेलात की स्टे मिळतोच. आणि शेवटी लाल अक्षरांत, 2024 च्या नव्या कायद्यानं कॉपीला 10 वर्षं तुरुंग आणि 1 कोटी दंड आहे, पासपोर्टही मिळत नाही.

यातला पहिला सल्ला सगळ्यांत घातक आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते. गैरहजर राहिल्यानं समिती थांबत नाही. मुंबई विद्यापीठात परीक्षेतल्या गैरप्रकारांची चौकशी ऑर्डिनन्स 5050 या विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे चालते. त्यात क्रम सरळ दिला आहे. विद्यार्थ्याला आरोप लेखी कळवायचा, कारणे दाखवा नोटीस द्यायची, ठरल्या दिवशी बोलवायचं, ज्या कागदांच्या आधारे आरोप आहे ते त्याला दाखवायचे आणि त्याचं म्हणणं ऐकायचं. तो आला नाही तर आणखी एक संधी देता येते. तरीही आला नाही तर त्याच्या गैरहजेरीत निर्णय होतो. राज्यातल्या इतर विद्यापीठांचे नियम शब्दांत थोडे इकडेतिकडे असतील, पण ‘विद्यार्थी आला नाही म्हणून प्रकरण संपलं’ असं कुठल्याच विद्यापीठात चालत नाही. ते 90 दिवस कुठून आणले ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

मी कॉलेजात शिकवते आणि अशा समितीवर बसलेली आहे. टेबलावर एकेका विद्यार्थ्याचं पाकीट येतं. त्यात त्याची उत्तरपत्रिका असते, तिला स्टेपल केलेली जप्त चिठ्ठी असते, ब्लॉक सुपरवायझरचा, म्हणजे त्या वर्गावर देखरेख करणाऱ्या शिक्षकाचा, रिपोर्ट असतो आणि विद्यार्थ्यानं त्या वेळी लिहून दिलेला जबाब असतो. मूल समोर असेल तर आम्ही विचारतो. नसेल तर नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलं जातं आणि सुपरवायझरचा रिपोर्ट हाच एकमेव आवाज उरतो. एका मुलाच्या रिपोर्टमध्ये ‘बेंचखाली चिठ्ठी सापडली’ एवढंच होतं. तो आला. घाबरला होता, बोलताना अडखळत होता, पण चिठ्ठी पाहू द्या म्हणाला. अक्षर त्याचं नव्हतं. त्याला समोर बसवून चार ओळी लिहायला लावल्या. सकाळच्या सत्रात त्याच बेंचवर दुसऱ्या वर्गाची मुलं बसली होती, त्या सत्राचा बैठक तक्ता मागवला. तो निर्दोष सुटला. मेसेज वाचून तो घरी बसला असता तर त्याची अख्खी परीक्षा रद्द झाली असती आणि वर्षही गेलं असतं.

‘गेलं म्हणजे कबुली’ हे तर उलटंच आहे. हजर राहून विद्यार्थी ‘मी केलं नाही’ म्हणू शकतो, ‘केलं, पण एवढंच केलं’ म्हणू शकतो, ‘मला आधी कागद दाखवा’ म्हणू शकतो. चिठ्ठी जवळ असणं, तिच्यातून उतरवणं, दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या शिक्षाही वेगवेगळ्या आहेत. आपला प्रकार नेमका कोणता हे सांगायची जागा तीच.

ही संधी कुणी मेहेरबानी म्हणून देत नाही. उत्तर प्रदेशच्या बोर्डानं 1954 च्या इंटरमिजिएट परीक्षेत पास झालेल्या तीन मुलांचा निकाल काही महिन्यांनी रद्द केला. कारण दिलं गैरप्रकाराचं, आणि पुढच्या वर्षीच्या परीक्षेलाही त्यांना बसायला बंदी केली. मुलांना आधी काही कळवलं नव्हतं, विचारलं नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1962 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठानं मुलांच्या बाजूनं निकाल दिला. बोर्ड विरुद्ध घनश्याम दास गुप्ता या नावानं तो ओळखला जातो. बोर्डाच्या कायद्यात किंवा नियमांत ‘ऐकून घ्या’ असं कुठंही स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. तरी न्यायालय म्हणालं की ज्या निर्णयानं मुलाच्या आयुष्यावर एवढा गंभीर परिणाम होतो, तो घेताना समितीनं न्यायाधीशासारखंच वागायला हवं आणि मुलाला बाजू मांडू द्यायलाच हवी. ज्या हक्कासाठी ती मुलं दिल्लीपर्यंत लढली, तो हा मेसेज आपल्या मुलांना फेकून द्यायला सांगतोय. मला राग येतो तो याचा.

इथं एक गोष्ट मान्य करते. ऐकून घेणं म्हणजे कोर्टातला खटला नव्हे. एखाद्या केंद्रावर सामूहिक कॉपी झाली आणि अख्ख्या केंद्राची परीक्षा रद्द केली, तर प्रत्येकाला वेगळं ऐकायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंच 1970 मध्ये बिहारच्या प्रकरणात सांगितलं. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला मिळेलच असंही नाही. पण तुमच्या एकट्याच्या नावानं नोटीस आली असेल तर तुम्हाला ऐकूनच निर्णय घ्यावा लागतो.

सहीच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, नाइलाजानं का होईना मानावं लागतं. काही केंद्रांवर आधीच टाइप केलेला माफीनामा पुढं सरकवतात, ‘मी कॉपी करताना पकडलो गेलो, मला सर्व आरोप मान्य आहेत’, आणि रडवेल्या पोरानं खाली सही ठोकायची. हे मी पाहिलंय आणि त्यावर भांडलेही आहे. न वाचता आणि कोऱ्या कागदावर सही करायची नाही, हे शंभर टक्के बरोबर. पण ‘कशावरही करू नका’ हे चूक. जबाब द्यायला नकार दिला तर ‘विद्यार्थ्यानं नकार दिला’ अशी नोंद सुपरवायझर करतात आणि रिपोर्ट पुढं जातो. शिवाय पहिली उत्तरपत्रिका जप्त करून नवी देतात ती सहसा एक हमीपत्र घेऊनच. ते दिलं नाही तर उरलेला पेपरही हातचा जातो. त्यापेक्षा जबाब स्वतःच्या शब्दांत लिहा. काय सापडलं, कुठं सापडलं, किती वाजता, त्यातलं काही उतरवलं होतं का. खाली तारीख, वेळ आणि मग सही.

उतरवलं नाही तर गुन्हा नाही, हा मुद्दा साफ खोटा. विषयाशी संबंधित कागद जवळ सापडणं हाच गैरप्रकार आहे, वापर केला असेल तर शिक्षा वाढते. 5050 च्या शिक्षेच्या तक्त्यात दोन्ही वेगळे दिलेत. चंडीगडच्या एका हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत असाच एका विद्यार्थ्याजवळ कागद सापडला होता. उच्च न्यायालयानं त्याला दिलासा दिला, पण 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो काढून घेतला आणि शिक्षणसंस्थांच्या अशा निर्णयांत न्यायालयांनी सहसा हात घालू नये, असं बजावलं. ‘कोर्टात गेलं की स्टे मिळतोच’ याचंही उत्तर यातच आहे. रिट याचिका करता येते, हे खरं. पण न्यायालय प्रामुख्यानं प्रक्रिया पाहतं. नोटीस दिली का, कागद दाखवले का, ऐकून घेतलं का. बोलावूनही जो गेलाच नाही, त्याचा वकील तिथं काय सांगणार?

वकिलाचं म्हणाल तर समितीसमोर विद्यार्थ्यानं स्वतःच बोलायचं असतं, मुंबईच्या नियमात तसं स्पष्ट आहे. लेखी खुलासा घरी बसून, जाणत्या माणसाला दाखवून लिहा, ते कुणी अडवत नाही.

राहिली लाल अक्षरं. 2024 चा केंद्राचा कायदा आहे, पण तो यूपीएससी, स्टाफ सिलेक्शन, रेल्वे भरती, बँक भरतीची आयबीपीएस, प्रवेश परीक्षा घेणारी एनटीए अशा संस्थांच्या परीक्षांसाठी. तुमची सेमिस्टर परीक्षा त्यात येत नाही. आणि त्या परीक्षांतही तो पेपर फोडणाऱ्यांसाठी, टोळ्यांसाठी आहे. 10 वर्षांपर्यंत कैद आणि किमान 1 कोटी दंड संघटित गुन्ह्याला आहे. परीक्षार्थी त्या कायद्याच्या कारवाईत येत नाहीत, त्यांना त्या त्या संस्थेचे नियम लागू होतात, हे विधेयक मांडतानाच सांगितलं होतं. महाराष्ट्राचा 1982 चा परीक्षा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा विद्यापीठाच्या परीक्षांना लागू आहे आणि त्याखाली पोलीस केस होऊ शकते, हे लपवत नाही. पण विद्यापीठाची समिती म्हणजे फौजदारी न्यायालय नव्हे. तिनं दिलेली शिक्षा हा गुन्हेगारी रेकॉर्ड नसतो आणि पासपोर्टचा तिच्याशी काही संबंध नाही. विशीतल्या मुलांना रात्री अकरा वाजता ‘10 वर्षं तुरुंग’ असा मेसेज पाठवणाऱ्यांनी, तो वाचून पोरं काय करून घेऊ शकतात याचा एकदा तरी विचार केला का?

असला मेसेज मुलांना खरा वाटतो, याला विद्यापीठं आणि कॉलेजं कमी जबाबदार नाहीत. उद्या सुनावणी आहे हे आदल्या संध्याकाळी ग्रुपवर कळतं. नोटिशीत ‘गैरमार्गाचा अवलंब केल्याबद्दल’ एवढंच असतं, नेमका आरोप नाही, कागदांची यादी नाही. ग्रामीण भागातली पोरं पहाटेची एसटी धरून विद्यापीठात येतात, दिवसभर व्हरांड्यात बसतात आणि आत पाच मिनिटं मिळतात. निर्णय येतो तोही ‘परीक्षा रद्द’ एवढाच, कारणाचा पत्ता नाही. 1962 चा निकाल समित्यांनाही बांधून ठेवतो, हे आमच्यातल्या अनेकांना कुणी सांगितलेलंच नाही. मी आमच्या कॉलेजच्या परीक्षा विभागाला लेखी दिलंय, नोटीस निदान सात दिवस आधी आणि घरच्या पत्त्यावर जावी, सोबत जप्त कागदाची आणि सुपरवायझरच्या रिपोर्टची प्रत असावी, आणि शिक्षेचा तक्ता मराठीत हॉल तिकिटासोबतच मुलांच्या हातात पडावा.

भाचीची सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे. तिनं लेखी खुलासा स्वतः लिहिलाय. चिठ्ठी माझी होती, ती कंपासपेटीत होती, बाहेर काढण्याआधीच सापडली, उत्तरपत्रिकेतलं एकही उत्तर तिच्याशी जुळत नाही, तपासून पाहावं. एवढ्याच चार ओळी. त्याची जी शिक्षा होईल, ती तिला कबूल आहे.