कर्तव्याची पावती दाखवून मिळतो तो हक्क नव्हे

२६ जानेवारी जवळ आला की दरवर्षी एक मजकूर मोबाइलवरून फिरू लागतो. शब्द थोडे इकडे-तिकडे होतात, आशय तोच राहतो. घटनाकारांनी हक्क आणि कर्तव्ये जोडीनेच दिली. लोक हक्क तेवढे लक्षात ठेवतात. जो कर्तव्य करत नाही त्याला हक्क मागण्याचा अधिकार नाही. कर न भरणाऱ्याने मत कशाला द्यायचे? गुन्हेगाराला कसले आलेत मानवाधिकार? आणि शेवटी, देशापुढे कुणाचेच हक्क मोठे नाहीत.

हा मजकूर पुढे पाठवणारे बहुतेक जण भली माणसे असतात. एसटीची सीट फाडणारा, रस्त्यावर थुंकणारा माणूस पाहून त्यांना आलेला वैताग खरा असतो. पण त्या वैतागातून त्यांनी जो नियम काढला आहे तो राज्यघटनेत कुठेही नाही, आणि तो मान्य केला तर सगळ्यात आधी मार बसतो तो ज्याच्याजवळ हक्काखेरीज काहीच नाही त्याला. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

“घटनाकारांनी हक्क आणि कर्तव्ये जोडीनेच दिली.” हे तारखांनीच खोटे ठरते. घटना समितीने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी राज्यघटना स्वीकारली. तिच्यात ३९५ अनुच्छेद होते. मूलभूत हक्कांचा तिसरा भाग होता, मार्गदर्शक तत्त्वांचा चौथा भाग होता. नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांचा भाग नव्हता. तो ‘चार-क’ हा भाग आणि त्यातला ५१-क हा एकमेव अनुच्छेद बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आला. ही दुरुस्ती १९७६ ची. कर्तव्ये लागू झाली ३ जानेवारी १९७७ पासून. म्हणजे घटना अमलात आल्यावर जवळजवळ सत्तावीस वर्षांनी.

ते दिवस कोणते होते? आणीबाणी चालू होती. विरोधी पक्षांचे नेते मिसा या, खटल्याशिवाय डांबण्याची मुभा देणाऱ्या कायद्याखाली तुरुंगात होते, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. सत्ताधारी काँग्रेसने नेमलेल्या स्वर्णसिंग समितीने कर्तव्यांची यादी सुचवली, तेव्हा तिच्या शिफारशींत आणखी दोन गोष्टी होत्या. कर्तव्य न पाळणाऱ्याला शिक्षा करण्याची तरतूद संसदेला करता यावी ही एक, आणि कर भरणे हे मूलभूत कर्तव्य असावे ही दुसरी. त्या दोन्ही घटनेत आल्या नाहीत. संसदेत विरोधकांचा आवाज जवळजवळ बंद असतानाही, कर्तव्य चुकले म्हणून हक्क काढून घ्यावा असे घटनेत लिहिले गेले नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे जनता सरकारने त्या दुरुस्तीतले बरेच काही उलटवले, पण ५१-क राहू दिला. त्याला माझाही आक्षेप नाही. यादी वाचून पाहा. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडणे, वैज्ञानिक दृष्टी आणि शोधक बुद्धी वाढवणे, जंगले-नद्यांचे रक्षण करणे, सार्वजनिक मालमत्ता जपणे. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने अकरावे कर्तव्य आले: सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देणे. या यादीत मतदान नाही. कर भरणेही नाही. मजकुरात सर्वांत मोठ्या आवाजात सांगितलेले कर भरण्याचे कर्तव्यच ५१-क मध्ये सापडत नाही.

आता मूळ मुद्दा. “जो कर्तव्य करत नाही त्याला हक्क नाही.”

इथे शाळेतले मराठी व्याकरण कामाला येते. तिसऱ्या भागातली वाक्ये वाचा आणि कर्ता शोधा. अनुच्छेद १४ म्हणतो की राज्य कोणत्याही व्यक्तीला कायद्यापुढची समानता नाकारणार नाही. अनुच्छेद १५ म्हणतो की राज्य धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून नागरिकांत भेदभाव करणार नाही. अनुच्छेद १३ म्हणतो की राज्य हे हक्क हिरावणारा किंवा आकुंचित करणारा कायदा करणार नाही, केलाच तर तेवढ्यापुरता तो रद्द. प्रत्येक ठिकाणी कर्ता राज्य आहे आणि क्रियापद नकारार्थी आहे. ज्याच्या हाती पोलीस आहेत, तुरुंग आहेत, खजिना आहे, त्याला घातलेल्या या मर्यादा आहेत. आपण चांगले वागलो म्हणून मिळालेले ते बक्षीस नव्हे. आणि ‘राज्य’ म्हणजे फक्त दिल्ली किंवा मुंबई नव्हे. अनुच्छेद १२ प्रमाणे त्यात स्थानिक संस्थाही येतात. ग्रामपंचायतसुद्धा.

हक्कांना मर्यादा नाहीत असे मी म्हणत नाही. भाषणस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, ते कोणत्या कारणांसाठी हे अनुच्छेद १९ मध्येच मोजून दिले आहे. न्यायालये कायद्याचा अर्थ लावताना ५१-क चा आधार घेतात, पर्यावरणाच्या खटल्यांत तो विशेष घेतला गेला. एखादे कर्तव्य सक्तीचे करायचे तर संसद किंवा विधिमंडळ तसा कायदा करू शकते, आणि तो कायदाही मूलभूत हक्कांच्या कसोटीवर उतरावा लागतो. पण ‘तू नागरिक म्हणून कमी पडलास, तेव्हा तुझी समानता आजपासून बंद’ असे म्हणायची मुभा कुणालाही नाही.

याची परीक्षा केरळमध्ये झाली. एका शाळेतली तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढले. राष्ट्रगीताचा आदर करणे हे तर ५१-क मधले पहिलेच कर्तव्य. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८६ मध्ये निकाल दिला: उभे राहण्यात आदर आहे, गायलाच हवे अशी सक्ती करणारा कोणताही कायदा नाही, मुलांना परत शाळेत घ्या. कर्तव्याचा अर्थ शाळेने आपल्या मनाने वाढवला आणि त्यावरून मुलांचे शिक्षण तोडले, हे न्यायालयाने चालू दिले नाही.

गांधीजींचे नाव या वादात हमखास येते, आणि यायलाच हवे. नीट पाळलेल्या कर्तव्यातूनच हक्क उगवतात असे त्यांनी १९४७ मध्ये युनेस्कोचे प्रमुख ज्युलियन हक्सली यांना कळवले होते. ही त्यांची नैतिक शिकवण होती आणि तिचा भार त्यांनी आधी स्वतःवर घेतला. पण १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये मूलभूत हक्कांचा ठराव मांडणारेही तेच होते, आणि त्या ठरावात प्रौढ मताधिकार होता. माणसाने स्वतःला कर्तव्य सांगणे वेगळे. सत्तेने ते माणसाला सांगून त्याचा हक्क अडवणे अगदी वेगळे.

“कर न भरणाऱ्याला मत नको.” ही सूचना नवी नाही, आपण ती एकदा भोगलेली आहे. इंग्रजांनी केलेल्या १९३५ च्या कायद्याखाली मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर ठरत असे. कित्येक बायकांना मत मिळायचे ते मालमत्ताधारक नवऱ्याच्या नावावर. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत मतदार साधारण तीन-साडेतीन कोटी होते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते १७ कोटींवर गेले. तेव्हा देशातली साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. ज्यांना शेतसारा भरायला स्वतःची जमीन नव्हती, ज्यांना शाळेच्या पायरीवर उभे केले जात नव्हते, ती माणसे रांगेत उभी राहिली. सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी करताना डॉ. आंबेडकरांच्या डोळ्यांसमोर हीच माणसे होती. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या मालमत्ता करू दिली नाही त्याला मालमत्तेची अट घालायची, म्हणजे जुना अन्याय नव्या यादीत उतरवायचा.

आणि कर कोण भरत नाही? साबणाची वडी विकत घेणारी शेतमजूर बाई कर भरते, तो किमतीतच असतो. ‘करदाता’ हा शब्द आपण फक्त प्राप्तिकर भरणाऱ्यापुरता कधी राखून ठेवला, याचा विचार व्हायला हवा. अनुच्छेद ३२६ मध्ये मतदाराच्या अपात्रतेची कारणे मोजून दिली आहेत: अनिवास, मनोविकलता, गुन्हा, भ्रष्ट किंवा बेकायदेशीर आचरण. त्यात गरिबी नाही.

“गुन्हेगाराला कसले हक्क?” या वाक्यातला घोळ पहिल्याच शब्दात आहे. पोलिसांनी धरलेला माणूस गुन्हेगार आहे हे कोणी ठरवले? अटकेचे कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करा, हे अनुच्छेद २२ सांगतो. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको, हे अनुच्छेद २० सांगतो. प्रतिबंधक स्थानबद्धतेला, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच खबरदारी म्हणून डांबण्याला, यातून अपवाद आहे, आणि तो अपवाद मला कायम अस्वस्थ करत आला आहे. आपल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी जवळपास तीन कच्चे कैदी आहेत. म्हणजे ज्यांच्यावर दोष सिद्ध झालेला नाही असे. ‘गुन्हेगाराला हक्क नकोत’ म्हणणारा माणूस या सगळ्यांवर आधीच निकाल देऊन मोकळा होतो.

अशा वेळी कसाबचे नाव पुढे केले जाते, तेव्हा तोच खटला पाहू. त्याला वकील मिळाला, विशेष न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय अशा पायऱ्या झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. हक्क दिल्यामुळे शिक्षा टळली नाही. पण त्याच खटल्यात आणखी दोन भारतीय आरोपी होते, आणि ते निर्दोष सुटले. खालपासून वरपर्यंत तिन्ही न्यायालयांनी पुरावा अपुरा ठरवला. खटला न चालवता तिघांना एकाच दोरीने बांधले असते तर? शिवाय सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्याच निकालात दंडाधिकाऱ्यांना बजावले की आरोपी पहिल्यांदा समोर येईल तेव्हा वकील मिळण्याचा त्याचा हक्क त्याला समजावून सांगा. उद्या चुकीच्या संशयावरून तुमच्या-माझ्या मुलाला धरले तर त्याला ते वाक्य उपयोगी पडणार आहे.

परदेशी माणसांना आपली घटना लागू नाही असेही कुणी जोडून देते. अनुच्छेद १४ मध्ये आणि जीविताचा व व्यक्तिगत स्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद २१ मध्ये शब्द ‘व्यक्ती’ आहे, ‘नागरिक’ नाही. अनुच्छेद १९ मध्ये ‘नागरिक’ आहे. ज्यांनी लिहिले त्यांना हा फरक चांगला ठाऊक होता.

“देशापुढे कुणाचेच हक्क मोठे नाहीत.” याचे उत्तर २८ एप्रिल १९७६ च्या निकालात आहे. आणीबाणीत डांबलेल्या लोकांनी ‘आम्हाला कोणत्या कायद्याने धरले ते तपासा’ अशी दाद मागितली. निरनिराळ्या उच्च न्यायालयांनी ती ऐकली, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीत न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी अॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारले तर काय? आणीबाणी आहे तोवर दाद मागता येणार नाही, असे उत्तर आले. पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू मान्य केली. खन्ना एकटे विरोधात राहिले, आणि पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केले गेले. ‘देश’ या शब्दाआडून तेव्हा बोलत होते ते त्या दिवशीचे सरकार. सरकारे बदलतात. आज ज्याला आपले सरकार वाटते त्यालाही उद्या दुसरे पाहावे लागते.

तो धडा आपण घेतला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ठरवले की अनुच्छेद २० आणि २१ चे हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणाच्या निकालात १९७६ चा निर्णय चुकीचा ठरवून काढून टाकला. तो चुकीचा होता असे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. १९७६ च्या बहुमतात त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड होते.

हे सगळे पुस्तकातले वाटेल, म्हणून माझ्या पाहण्यातली गोष्ट सांगतो. एका ग्रामपंचायतीच्या टेबलासमोर एक बाई नातवाचा जन्माचा दाखला मागत होती. शाळेत नाव घालायचे होते. उत्तर मिळाले: घरपट्टी थकली आहे, आधी ती भरा, कर्तव्य करायचे नाही आणि हक्क मागायला यायचे. शब्द अगदी मजकुरातलेच. बाई परत गेली. मी तेव्हा गप्प राहिलो, आणि ते मला अजून टोचते.

घरपट्टी थकली असेल तर ती वसूल करायला ग्रामपंचायतीच्या कायद्यात वाट आहे: बिल द्या, मागणीची नोटीस द्या, न भरल्यास जप्ती करा. ते पंचायतीचे काम आहे आणि पंचायतीने ते करावे. पण जन्माची नोंद पट्टीच्या थकबाकीला तारण नाही. अशा वेळी टेबलापलीकडच्या माणसाशी हुज्जत घालू नका, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते, किंवा नकाराची कारणे लेखी द्यावी लागतात. नकार मिळाल्यापासून तीस दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. वकील लागला तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीतली माणसे यांना तिथे उत्पन्न न विचारता मोफत मदत मिळते. फोन लावायचा असेल तर क्रमांक १५१०० आहे.