रील बघून सड्यावर पळणाऱ्यांनो

सकाळपासून जो तो एकच रील पाठवतोय. 'साताऱ्याजवळचा सीक्रेट रनिंग रूट'. मागे गाणं, वरून ड्रोन, आणि एक धडधाकट गडी ऐन हंगामात कासच्या सड्यावरून, म्हणजे फुलांनी भरलेल्या कातळाच्या पठारावरून, हात पसरून पळतोय. पायाखाली गेंद, सीतेची आसवं, जे फूल येईल ते. शूज डांबरावरचे, कोरे करकरीत. पाण्याची बाटली नाही, कंबरेला पट्टा नाही. खाली शेकडो लोक विचारतायत, 'लोकेशन प्लीज'. डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबेल.

पहिली गोष्ट, सीक्रेट कसलं डोंबलाचं? यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाणाऱ्या रस्त्यावर सातारकर कधीपासून पळतायत. सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून याच घाटात होते. कास पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं तेही 2012 लाच. एवढ्या गाजलेल्या जागेला गुपित म्हणायला धाडस लागतं.

आता सड्याबद्दल. सुमारे 1200 मीटर उंचीवरचा जांभ्याचा सपाट कातळ, त्यावर कुठे बोटभर तर कुठे तेवढीही नाही अशी माती. पावसात या मातीत पाणी साचून राहतं आणि त्या ओलीवर सगळा खेळ चालतो. सीतेची आसवं हे कीटकभक्षी झाड आहे, उंची बोटा-दोन बोटांची, मातीत पोषण नाही म्हणून बारीक किडे धरून खातं. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. अशा मातीवर सत्तर किलोचा माणूस टाच मारत गेला की माती दबते, पाण्याची वाट बदलते, बी धरायच्या आधीच झाड मोडतं. त्या गड्यामागून रील बघून आलेले पन्नास जण गेले की पायवाट तयार, आणि पायवाट दिसली की एकावन्नावा म्हणणार, वाट तर आहेच की!

हो, माहितीये, गुरं चरायची तेव्हाही खूर पडायचेच. कुंपण घातल्यावर उंच गवत माजलं असं गावातले जाणते सांगतात, त्यातही तथ्य आहे. पण म्हशीला चरायचं असतं. या गड्याला व्ह्यूज हवे होते.

बरं, फुलांच्या दिवसांत कासला नोंदणी आहे, शुल्क आहे, आसपासच्या गावांच्या वन समित्यांची माणसं उन्हापावसात उभी असतात. त्यांची नजर चुकवून ड्रोन उडवायचा आणि वर त्याला 'निसर्गाशी एकरूप' म्हणायचं.

पळायचंय ना? पळा की! आपल्या भागात पळायला एवढं रान पडलंय की माणूस हरखून जावा. सज्जनगडाचा फाटा मागे टाकून ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर जा. तिथे पवनचक्क्यांसाठी केलेले मुरमाचे रस्ते आहेत. पवनचक्कीचं पातं लांबच लांब ट्रेलरवरून आणावं लागतं, त्यामुळे या रस्त्यांना वळणं रुंद आणि चढ बेताचे ठेवावे लागतात. पळणाऱ्याला आणखी काय हवं? दोन्ही बाजूंनी गवताळ माळ, दूर डोंगरांच्या रांगा, डोक्यावर पात्यांचा घूंऽऽघूंऽ. कुणाच्या शेतातून जायला नको, फुलांवर पाय नको. मुख्य रस्त्याला फुटलेला फाटा बहुतेक एखाद्या पवनचक्कीच्या पायथ्याशी जाऊन संपतो. दोन-चार फाटे जाऊन-येऊन केले की आठ-दहा किलोमीटर सहज होतात आणि गाडीपासून फार लांबही गेलेले नसता. पवनचक्कीचा रखवालदार दिसला तर आधी रामराम घाला आणि विचारा. नको म्हणाला तर पुढचा फाटा धरा, वाद घालू नका.

याच पठारावर निळ्या-काळ्या-केशरी पंख्याचा सरडा आहे, सरडा सुपर्बा. 2016 साली शास्त्रज्ञांनी त्याची वेगळी जात म्हणून नोंद केली, आणि शास्त्रीय नावात आपला मराठी सरडा तसाच ठेवला. पावसाआधीच्या उन्हाळ्यात नर दगडावर बसून गळ्याचा पंखा उघडतो. दिसला तर उभे राहा आणि बघा. तुमची वेळ दोन मिनिटांनी वाढली तर आभाळ कोसळणार नाही.

वाऱ्याचं गणित मात्र नीट करा. निघताना वारा तोंडावर घ्या, परतताना पाठीवर. उलटं केलं की पहिले पाच किलोमीटर तुम्ही उडत जाता, स्वतःला फार भारी समजता, आणि परतताना घामाने भिजलेल्या अंगावर वारा बसून हुडहुडी भरते. सुती टीशर्ट घातला असेल तर बघायलाच नको, तो वाळतच नाही. पावसाळ्यात धुकं इतकं दाट उतरतं की समोरची पवनचक्कीही दिसत नाही, नुसती ऐकू येते. तेव्हा डांबरी रस्त्यावर उजव्या कडेने पळा म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते, आणि अंगात भडक काहीतरी हवंच. काळे कपडे घालून धुक्यात पळणाऱ्यांना मी शूर म्हणत नाही.

शूजवरून पुन्हा तो रीलवाला आठवला. डांबरावरच्या शूजचा तळ गुळगुळीत असतो. मुरमाच्या उतारावर असा तळ म्हणजे फरशीवर सांडलेल्या ज्वारीवर पाय पडणं. तळाला तीन-चार मिलिमीटर खाचा असलेला ट्रेल शूज, म्हणजे रानवाटेचा शूज, आपल्याकडच्या मुरूम-डांबर मिश्र रस्त्याला पुरतो, चिखल असेल तर पाचच्या पुढे. आणि ओल्या जांभ्यावर हिरवं-काळं शेवाळ धरलं असेल तर दहा हजारांचा शूजही घसरतो. तिथे पाऊल आखूड टाका, टाच आपटू नका, सरळ चाला. चालण्यात कमीपणा नाही. चढाला बोलता येत नसेल इतका दम लागला की तिथेही चालायचंच. उताराला शूजच्या अगदी वरच्या भोकातून लेस ओवून घोटा घट्ट आवळा. नाहीतर पाय पुढे सरकतो, अंगठा टोकाला आपटत राहतो आणि आठवड्याने नख काळं पडतं. मांड्या पुढच्या बाजूने दोन दिवस भरून येतात त्या उतारामुळे, चढामुळे नाही. त्यामुळे पहिल्यांदा जाताना उतार जपून घ्या.

दिवाळीनंतर गवत सोनेरी होतं. माझ्या मते पळायला हाच खरा काळ, नोव्हेंबर ते जानेवारी, उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत. फुलं संपलेली, गर्दी गेलेली, हवा अशी की छाती भरून घ्यावी. त्रास एकच, कुसळं. मोज्यात शिरली की प्रत्येक पावलाला टोचतात, आणि काढायला गेलं की आणखी आत जातात. जाळीदार मोजे नकोत, घट्ट विणीचे, नडगीपर्यंतचे घाला. फेब्रुवारीनंतर वणवे सुरू होतात. धूर दिसला की मागे फिरा, वाळलं गवत तुमच्यापेक्षा जोरात पळतं.

पायवाटेने रानात शिरणार असाल तर एक लक्षात ठेवा. ढोरवाटा सुरुवातीला छान रुंद असतात, मग पाण्यापाशी, चराईपाशी किंवा थेट कड्यापाशी संपतात. नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, वर रेंजचा भरवसा नाही, आणि परतायची वेळ घरी सांगून जा. धनगरवाड्याची कुत्री अंगावर आली तर पळू नका, पळालात की ती मागे लागतात. थांबा, चालत पुढे जा, हाक मारा, कुणीतरी मामा येऊन आवरतोच. पहाटे आणि तिन्हीसांजेला गवे निघतात. एकटा गवा वाटेत उभा दिसला तर सेल्फी न घेता हळूहळू मागे सरका, तो हलायची वाट बघा.

आणि पाणी! रीलमधल्या गड्याकडे थेंब नव्हता. तासाला साधारण अर्धा लिटर धरा, उन्हात जास्त. ओआरएसचं पाकीट लिटरचं असेल तर लिटरभरच पाण्यात घाला. लहान बाटलीत अख्खं पाकीट ओतलं की पाणी नुसतं खारट होतं, मळमळतं, आणि मग दोष पठाराला.

पळताना खायच्या एनर्जी जेलची रिकामी पाकिटं मुरमात खोचून जाणाऱ्यांबद्दल लिहायला घेतलं होतं, पण भाषा बिघडेल. दहा ग्रॅम प्लास्टिक खिशात ठेवायला जड होतं? भरलेलं आणताना नाही झालं ते!

एक मान्य करतो, नाइलाजाने. अशा रीलमुळे चार गाड्या जास्त येतात, टपरीवरचा चहा खपतो, कुणाच्या घरी पिठलं-भाकरीची ऑर्डर जाते. गावाला पैसे मिळतात त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. म्हणून तर म्हणतोय, या. पळून झालं की तिथेच खा, घरून पराठे आणू नका. फक्त सडा सोडून रस्त्याने पळा.

आणि चाळकेवाडीची जीपीएक्स फाइल, म्हणजे मोबाइलला वाट दाखवणारी फाइल, कुणी इनबॉक्समध्ये मागू नका. फाटे पवनचक्कीशी संपतात असं वर लिहिलंय, संपला की मागे वळा. फाइल कशाला लागते त्याला?