नकाशावरचा ठिपका आणि खोक्यातले तापमान

इंदूरच्या दवा बाजारात घाऊक औषधविक्री करीत असल्यामुळे ‘ट्रॅकिंग’ हा शब्द मी दिवसातून दहादा ऐकतो. गेल्या मे महिन्यात भिवंडीहून निघालेली इन्सुलिनची गाडी सेंधव्याच्या घाटात पाच तास अडकली होती आणि मी दुकानात बसून मोबाइलवर तिचा ठिपका पाहत होतो. गाडी कुठे आहे ते कळत होते. इन्सुलिनचा साठा २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावा लागतो, पण त्या उन्हात खोक्यात किती अंश आहेत, ते कळायला मार्ग नव्हता.

वास्तविक खोक्यात तापमान नोंदवणारे यंत्र होते. ते न उघडता पाठवणाऱ्याकडे परत करायचे, अशी अट होती. नोंदी मागितल्या तेव्हा ‘सर्व मर्यादेत आहे’ एवढेच उत्तर आले. बर्फाच्या पिशवीला टेकलेल्या चार कुप्या मी बाजूला काढल्या, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरता येत नाही.

१ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, हे चांगलेच झाले. त्यातून उत्पादक, बॅच, मुदत आणि परवाना क्रमांक कळतो. मात्र ती डबी वाटेत कोणाच्या गोदामात किती दिवस पडून होती, हे त्यात नसते.

माझा आक्षेप यंत्रांना नाही, माहिती एकाच दिशेने वाहते याला आहे. माझी रोजची विक्री आणि शिल्लक कंपनीला थेट दिसते. पुरवठा आटणार आहे हे मला मात्र माल न आल्यावरच समजते. मग इथल्या एमवाय या सरकारी रुग्णालयासमोरचा दुकानदार धास्तीने दुप्पट मागणी नोंदवतो, मी तीवर आणखी थोडी चढवतो (हे कबूल केलेले बरे), आणि कारखान्याला वाटते की इंदुरात मधुमेहाची साथच आली.

पोलिओच्या तोंडी लसीच्या कुपीवर १९९६ पासून एक लहानसा चौकोन येऊ लागला. उष्णता लागेल तसा तो गडद होतो आणि भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची. गोठल्याचे त्यावरून कळत नाही, पण तो वाचायला पासवर्डही लागत नाही. लस पाजणारी आरोग्यसेविका जागच्या जागी निर्णय घेऊ शकते.

यंदाच्या करारात मी एकच वाक्य घालायला सांगितले आहे : माल ताब्यात घेण्यापूर्वी यंत्रातील नोंद मला दिसली पाहिजे. तीन आठवडे झाले, मसुदा अजून परत आलेला नाही.