सानोफीने प्लांट विकला म्हणून यीस्टवरचं काम वाया गेलं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

तुमची कमेंट नीट वाचली, दोन ओळीत उत्तर देण्यासारखी ती नाही म्हणून वेगळं लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की बर्कलीच्या जे कीसलिंग यांनी यीस्टकडून आर्टेमिसिनिन हे मलेरियाचं औषध बनवून घेतलं यावर मी भरभरून लिहिलं, पण सानोफी या औषध कंपनीने तर ते उत्पादन बंद केलं, गेट्स फाउंडेशनचे 4 कोटी 26 लाख डॉलर पाण्यात गेले, वनस्पतीचे जीन उचलून यीस्टमध्ये टाकणं हे नुसतं कॉपी-पेस्ट, आणि वर ज्या वनस्पतीतून हे औषध काढतात ती पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या पोटावर पाय.

कॉपी-पेस्टपासून सुरू करतो कारण मला सगळ्यात जास्त तेच लागलं. यीस्टला स्वतःच्या आवरणासाठी एर्गोस्टेरॉल लागतं, ते बनवताना वाटेत एफपीपी नावाचा रेणू तयार होतो आणि आर्टेमिसिनिनचा कच्चा माल नेमका तोच. म्हणजे भांडण सुरू. एफपीपीला एर्गोस्टेरॉलकडे नेणारा ईआरजी-9 जीन काढून टाकला तर यीस्ट मरतं, तसाच ठेवला तर बराचसा माल तिकडेच जातो. मग कीसलिंगच्या टीमने त्या जीनचा प्रमोटर, म्हणजे जीन किती चालायचा ते ठरवणारा डीएनएचा तुकडा, बदलला, मेथिओनिन (एक अमिनो आम्ल) घातलं की जीन मंद चालणार पण बंद पडणार नाही असा. लॅबमध्ये हे चाललं, पण कारखान्याच्या टाकीत मेथिओनिन परवडत नाही, म्हणून पुढे तांब्याने दबणारा प्रमोटर आणला. तांबं म्हणजे कॉपर सल्फेट, आपले द्राक्षवाले बोर्डो मिश्रणात घालतात तेच मोरचूद. याला कॉपी-पेस्ट म्हणायचं?

आणि एवढं करूनही पुढच्या पायरीला पेशी मरायला लागल्या! तिथे पी450 जातीचा वनस्पतीचा एक एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) लागतो आणि त्याला इलेक्ट्रॉन पुरवायला सीपीआर नावाचा जोडीदार. हा जोडीदार प्रमाणाबाहेर झाला होता, एरवी सजीवांत तो पी450 पेक्षा बराच कमी असतो. त्यांनी तो कमी केला, सायटोक्रोम बी5 जोडलं, वनस्पतीतलेच आणखी दोन एन्झाइम आणले. 2006 ला लिटरमागे साधारण 100 मिलिग्रॅम आर्टेमिसिनिक आम्ल मिळत होतं, 2013 च्या पेपरात 25 ग्रॅम. यीस्टचं काम या आम्लापर्यंतच, पुढचं आर्टेमिसिनिन सानोफी प्रकाशाच्या रासायनिक क्रियेने करायची.

आता पैशाचं. हो, प्लांट विकला. इटलीतल्या गारेस्सियोला जगाच्या गरजेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी क्षमता होती, भाव किलोला 350 ते 400 डॉलर ना नफा ना तोटा तत्त्वावर, आणि तेवढ्यात शेतातल्या मालाचा भाव 250 च्या खाली आला. 2015 मध्ये तिथे यीस्टवालं काहीच बनलं नाही. ही बाजाराची गोष्ट झाली हो, यीस्टने काम करायचं थांबवलं नव्हतं, आणि भाव उतरला तो मलेरियाच्या पेशंटच्या फायद्याचाच. गडचिरोलीत फाल्सिपॅरम या धोकादायक मलेरियाच्या पेशंटला ज्या गोळ्या देतात त्यातलं आर्टेसुनेट याच आर्टेमिसिनिनपासून बनतं, ते स्वस्त आणि वेळेवर मिळणं महत्त्वाचं, शेतातून आलं की टाकीतून याने त्या पेशंटला काय फरक पडतो.

शेतकऱ्यांचा मुद्दा मात्र तुमच्या कमेंटमधला सगळ्यात वजनदार आहे. चीन, व्हिएतनाम, पूर्व आफ्रिका इथे आर्टेमिसिनिन देणाऱ्या वनस्पतीचं पीक घेतात. पण त्यांची पहिली वाट यीस्टने लावलेली नाही, 2005 च्या सुमारास तुटवडा पडून भाव हजार डॉलरवर गेला, सगळ्यांनी लागवड केली आणि 2007 पर्यंत भाव कोसळला. तेव्हा यीस्टचा एक ग्रॅमही बाजारात नव्हता. या चढउतारात दुसरा स्रोत हाताशी असावा हाच तर विचार होता. तरीही कारखाना उभा करण्याआधी शेतकऱ्यांशी बोलायला हवं हे माझं स्पष्ट मत आहे, आणि ती जबाबदारी पैसे देणाऱ्यांची, प्रमोटर बदलत बसलेल्या पोस्टडॉकची (लॅबमधल्या तरुण संशोधकाची) नाही.

आणि हे ज्ञान तिथेच संपलं नाही. 2022 मध्ये कीसलिंग आणि डेन्मार्कच्या टीमने सदाफुलीतलं विनब्लास्टिन घेतलं, कॅन्सरवरचं. त्याचे दोन घटक कॅथरॅन्थिन आणि विंडोलिन यीस्टने बनवले, त्यासाठी वनस्पतींचे 34 जीन घातले, यीस्टचे स्वतःचे दहा जीन कमीजास्त केले. एक ग्रॅम विनब्लास्टिनला 500 किलोच्या वर वाळलेली पानं लागतात. त्या कामात यीस्टचं उत्पादन लिटरमागे मायक्रोग्रॅममध्येच होतं, त्यामुळे उद्या हेही परवडत नाही म्हणून बंद करा असं कोणी म्हणालं तर मी तेव्हाही असाच भांडणार.