दोन कासऱ्यांची गाडी

मृगाचा पाऊस यंदा वेळेवर झाला, गवत कमरेला लागलं आणि एका सकाळी आमच्या मागच्या पायरीवर घोणस निघाली. वेटोळं घालून बसलेली, वर कुकरसारखी शिट्टी मारत होती. हिला वाटलं डाळ शिजली. गॅस बंद करून आली तरी शिट्टी चालूच, म्हणून मागचं दार उघडलं आणि उघडल्यापेक्षा जोरात लावलं.

"एक तर ते गवत काढा," ही म्हणाली, "नाही तर मला लातूरला नेऊन सोडा."

शाळेतून निवृत्त झाल्यावर शेतात राहायला जायची हौस माझी. औशाच्या बाजूला वडिलोपार्जित सात एकर. दोनांत सोयाबीन आणि तूर, बाकीच्यात केसर आंबा, घर, विहीर आणि गवत. गवत म्हणजे एका जातीचं नव्हे. हरळी आहे, कुंदा आहे, लव्हाळा आहे आणि सगळ्यांच्या वर डोकं काढून गाजरगवत आहे. हे गाजरगवत अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं म्हणतात. पुण्यातून इतकं तत्परतेनं मराठवाड्याला दुसरं काही मिळाल्याचं मला आठवत नाही.

गवत काढायचे नेहमीचे मार्ग करून झाले. ऐन खुरपणीत बायामाणसं मिळत नाहीत. भावकीतल्या एकाच्या शेळ्या सोडल्या, तर त्यांनी गवताला तोंड न लावता आंब्याची चौदा कलमं शेंड्यापासून खाल्ली. शेजाऱ्याचं पाठीवरचं कटर आणलं. अर्ध्या तासात हातांना अशी थरथर भरली की त्या दिवशीचा चहा बशीत ओतावाच लागला नाही, तो आपोआप बशीत गेला.

अशा वेळी टेक्सासातून चिरंजीवांचा फोन आला. तिकडं गवत वाढलं तर सोसायटीची नोटीस येते म्हणे. आमच्याकडं गवत वाढलं तर म्हशीवाले येऊन विचारतात, विकायचं का. पण चिरंजीव तिकडं दहा वर्षं राहून गवताकडं शत्रू म्हणून बघायला शिकलेत. ते म्हणाले, "बाबा, झीरो टर्न घ्या." म्हणजे वर बसून चालवायचं, जागच्या जागी वळणारं गवत कापायचं यंत्र.

मी लातूरला जाऊन तीन दुकानं फिरलो. पहिला म्हणाला, "झिरोचा बल्ब इलेक्ट्रिकच्या दुकानात बघा." दुसऱ्यानं झिरो बजेट शेतीचं शिबिर मागच्याच महिन्यात झाल्याचं सांगितलं. तिसऱ्यानं मोबाईलवरचं चित्र नीट बघितलं, दोन बोटांनी मोठं केलं आणि विचारलं, "गुरुजी, ह्याचं स्टेरिंग कुठाय?"

स्टेरिंग नाही, हीच तर त्या यंत्राची गंमत. मागच्या दोन चाकांना स्वतंत्र हायड्रॉलिक पंप आणि मोटर. दोन हातांत दोन दांडे, डावा डाव्या चाकाचा, उजवा उजव्या चाकाचा. दोन्ही पुढं लोटले की गाडी पुढं, दोन्ही ओढले की मागं. एक पुढं आणि एक मागं केला की गाडी जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरते. पुढची दोन चाकं नुसती सोबतीला, ऑफिसातल्या खुर्चीला असतात तशी, नेतील तिकडं जाणारी. १९६३ साली कॅन्ससमधल्या हेस्टन गावच्या जॉन रेगियर नावाच्या माणसानं असं यंत्र बनवलं. कॅन्ससची जमीन सपाट आहे, हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

मी दोनशे पानी वही केली. रोज रात्री चिरंजीव तिकडून सांगायचे, मी इकडं लिहून घ्यायचो. खालचा पात्यांचा डबा किती इंची हवा? बेचाळीस, अठ्ठेचाळीस, चोपन्न, साठ, बहात्तर. डबा पत्रा दाबून काढलेला की जाड पत्र्याचं वेल्डिंग केलेला? इंजिन किती एचपीचं? पाच एकरांना चोपन्न इंची घ्या, ताशी पाच मैलांनी चाललं तर वळणावळसा धरून तासाला दोन एकर होईल. मी गुंठ्यांत काढलं. तासाला ऐंशी गुंठे. माझ्या डोळ्यांसमोर आपण सकाळी सातला बसलो, दहाच्या आत उतरलो आणि तुळशीवृंदावनापाशी पेपर वाचत बसलो, असं चित्र उभं राहिलं.

मग मी टेप घेऊन रानात गेलो. तो टेप काही मी घ्यायला नको होता.

आमराईच्या कुंपणाचं फाटक चार फुटी. चार फूट म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. म्हणजे चोपन्न इंची यंत्र वेशीवरच अडलं. "फाटक मोठं करा," टेक्सास म्हणालं. इथं फाटक चार फुटी आहे ते शेजाऱ्याची गुरं शिरू नयेत म्हणून, आणि तरी ती शिरतात. आत शिरलो तर ठिबकच्या नळ्या. सोळा मिलिमीटरच्या काळ्या नळ्या प्रत्येक झाडाच्या बुडाला साप लोळावेत तशा लोळतात, आणि गवतात त्या मलाही दिसत नाहीत. यंत्राची पाती फिरली की पहिल्या तासात ऐंशी गुंठे गवत आणि सगळं ठिबक एकदमच निघालं असतं. मग कमान. गाडी उलटली तर माणूस चेंगरू नये म्हणून सीटमागं लोखंडी कमान असते. केसरच्या खालच्या फांद्या माझ्या छातीला लागतात. कमान फांदीत अडकली तर? "कमान खाली पाडता येते," चिरंजीव म्हणाले, "पण पाडायची नसते."

सगळ्यात नाजूक विषय विहिरीचा. ही यंत्रं पंधरा अंशांपेक्षा जास्त उतारावर चालवू नका, पाण्याच्या आणि खड्ड्याच्या कडेला तर नेऊच नका, अशी सक्त सूचना असते. उतारावर चाकं घसरली की दांडे कितीही ओढा, गाडी ऐकत नाही. आमचं रान सगळं विहिरीकडं उतरतं. विहीर खोदताना आजोबांनी अमेरिकन यंत्राचा विचार केला नव्हता.

राहिली माती. काळी. पावसाळ्यात चप्पल एक पाऊल टाकलं की अर्धा किलोची होते, तिथं चार-पाचशे किलोचं वजन गुळगुळीत टायरांवर कसं चालायचं? उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की हिची पाटल्या घातलेली मनगटं त्यांत जातात. ऑफिसच्या खुर्चीची चाकं तिथं काय टिकणार. तरी चिरंजीवांनी धीर दिला, "बाबा, खाली हरळी आहे ना? उत्तम! आमच्याकडं तीच बर्म्युडा म्हणून विकत घेऊन लावतात." हे वाक्य मी हिला सांगितलं. जन्मभर हरळीच्या काशा, म्हणजे मुळ्या, वेचलेल्या बाईला हे सांगायला नको होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर पोळ्या लाटताना म्हणाली, "पोरगं चांगलं शिकलं होतं."

आकड्यांचा हिशेबही तिनंच मिटवला. चांगलं यंत्र पाच हजार डॉलरचं, म्हणजे तेव्हाच्या दरानं सव्वाचार लाख. जहाज, जकात वेगळीच. ही प्रत्येक गोष्ट सोयाबीनमध्ये मोजते. २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावानं (आणि हमीभाव मिळतो असं धरून) सत्त्याऐंशी क्विंटल. आपल्या दोन एकरांत वर्षाला चौदा क्विंटल धरले तर सहा वर्षांची रास. "सहा वर्षं पिकवायचं," ती म्हणाली, "आणि ते कशासाठी? कापून टाकायला."

एवढ्यात विषय संपायला हवा होता. पण संभाजीनगरला भाच्याच्या वास्तुशांतीला गेलो, सोबत आमचे सालगडी मामा होते. भाचा ज्या कारखान्यात आहे तिथल्या आवारात लॉन आणि लॉनवर अगदी तेच यंत्र. नारळाच्या खोबऱ्यासारखं गवत, त्यावर गाडी सुळसुळत चाललेली. भाच्यानं ओळख काढली, चालवणाऱ्यानं पाती बंद केली आणि मला म्हणाला, "बसा काका, हळूच लोटा."

मी हळूच लोटलं. गाडीला झटका बसला, झटक्यानं माझे हात मागं आले, हात मागं आले म्हणून गाडी मागं गेली, गाडी मागं गेली म्हणून मी पुढं झुकलो, मी झुकलो म्हणून दांडे पुढं गेले. असं पाच-सहा वेळा झालं. बाहेरून बघणाऱ्याला मी आणि गाडी दळण दळतोय असं वाटलं असावं. मग एक दांडा मागं, एक पुढं झाला आणि मी गोल फिरायला लागलो. भाचा दर फेरीला एकदा दिसत होता. चालवणारा ओरडला, "दांडे बाहेर उघडा, बाहेर!" दांडे बाहेरच्या अंगाला उघडले की गाडी थांबते. ते मी वहीत लिहिलेलं होतं, पण वही फिरत नव्हती, मी फिरत होतो.

मामा तंबाखू मळत उभे होते. म्हणाले, "उतरा बगू गुरुजी."

ते बसले. दांडे माझ्यासारखे मुठीत आवळले नाहीत, दोन-दोन बोटांत धरले. दोन्ही जरासे पुढं सोडले, गाडी पुढं निघाली. लॉनच्या टोकाला जाऊन त्यांनी उजवा ओढून धरला, डावा पुढं सोडला आणि तोंडानं "च्यक" केलं. गाडी जागेवर वळून आल्या चाकोरीला लागली. चाकोरीच्या शेजारी चाकोरी, पेरणीच्या तासांसारखी. दोन फेऱ्या मारून आले तेव्हा चालवणाऱ्यानं विचारलं, "मामा, किती वर्षं झाली चालवायला?"

"चाळीस," मामा म्हणाले. "हे बैलंच हायत की. उजवा दाबून धरला की डावा वळून येतो. फकस्त ह्ये श्यान टाकत न्हाईत."

परतीच्या एसटीत ते चारदा विचारून बसले, "मग कवा आणूलालाव, गुरुजी?" मी बघू म्हणालो. आमच्याकडं बघू म्हणजे नाही, हे मामांना ठाऊक आहे. पण बैलं विकून चार वर्षं झालेल्या माणसाला ते त्या दिवशी ठाऊक असावं असं वाटलं नाही. गोठ्यातला जुना पसारा त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढला, जमीन सारवली.

घराभोवतीचं गवत, ही मला नंतर सांगत होती, मामांनी आपल्या म्हशीसाठी विळ्यानं केव्हाच कापून नेलं होतं. मी तेव्हा इंजिनाच्या पानावर होतो.

आता दिवाळी झालीय. उरलेलं गवत पिवळं पडून आडवं झालंय. यंत्र आलेलं नाही, पण गुरुजींची बिनस्टेरिंगची गाडी येणार ही बातमी चार गावांत गेलीय. आमच्या भागात कुठलंही यंत्र आलं की पहिला प्रश्न ताशी भाडं किती. हे सोयाबीन काढायचं यंत्र नाही, असं मी पारावर दोनदा सांगून बघितलं. "तुरीत तर चालंल?" एकानं विचारलं. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर कुणाच्या तरी अक्षरात अकरा नावं लिहिलेली सापडली, पुढं एकर, आणि तिघांपुढं "इसार ५००".

काल सकाळी चार नंबर आणि पाच नंबर अंगणात येऊन भांडायला लागले. चार नंबरचं म्हणणं, पाच नंबरनं मामांना तंबाखूची पुडी देऊन नंबर पुढं घेतला. मामा गोठ्याआड. ही दारात उभी, माझ्याकडं बघत. मी चष्मा लावला, वही उघडली आणि दोघांना शांत बसवून पहिल्यापासून सुरुवात केली.

"आधी मला सांगा," मी म्हणालो, "तुमचं फाटक किती फुटी?"