"आता सोडून काय होणार?" हे वाक्य मला ऐकवत नाही

गणपतीत मामाकडे गेले होते. आरती आटोपली की मामा गच्चीत. शर्टाचा खिसा पाकीट ठेवून ठेवून चौकोनी झालाय, कडेला कापड विरलंय. वय 61, सिगारेट चाळीस वर्षांची. म्हटलं, "मामा, सोड ना आता." तर म्हणाला, "अगं, आता सोडून काय होणार? व्हायचं ते होऊन गेलं."

मी बारावीला बायोलॉजी शिकवते. तरी तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

परीक्षेआधी आपण पुस्तकात पेन्सिलीने खुणा करायचो, 'हे वगळलंय'. मजकूर तसाच, पण वाचायचा नाही. पेशीही डीएनएवर अशाच खुणा करते. डीएनएच्या मजकुरातल्या सी या अक्षराला एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा मिथाइल गट चिकटतो, त्याला मिथायलेशन म्हणतात. सिगारेटचा धूर या खुणा विस्कटतो. हव्या तिथल्या पुसतो, नको तिथे नव्या करतो.

एएचआरआर नावाचा जीन घ्या. धुरातली विषारी द्रव्यं पेशीतलं एक यंत्र चालू करतात आणि हा जीन त्या यंत्राचा ब्रेक. ओढणाऱ्यांमध्ये त्याच्यावरची खूण पुसट होते. रक्तातही दिसतं, फुप्फुसातही. पी16 या जीनचं उलटं. तो पेशींच्या बेसुमार वाढीला आवर घालतो, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये अनेकदा त्याच्यावरच 'वगळा' अशी खूण पडलेली असते. ही खूण निदानाच्या आधी तीन वर्षांपर्यंत थुंकीत सापडल्याचं 2000 साली नोंदवलं गेलं. वर्गात हे सांगताना दरवेळी माझा आवाज जड होतो.

पण मामा, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. 2016 साली जवळजवळ 16,000 लोकांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सिगारेट सोडलेल्यांमध्ये बहुतेक खुणा पाच वर्षांत कधीच न ओढणाऱ्यांसारख्या झाल्या होत्या. बहुतेक! काही मात्र तीस वर्षांनीही तशाच होत्या, हेही लपवणार नाही. आणि खुद्द मजकुरात पडलेल्या चुका, म्हणजे म्युटेशन, त्या अशा पुसल्या जात नाहीत. रोज एक पाकीट वर्षभर ओढलं तर फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी 150 म्युटेशनची भर पडते, हा अंदाजही 2016 चाच. म्हणजे अजून एक वर्ष ओढलंस तर अजून एवढी भर. 'होऊन गेलं' कुठे? ते रोज होतंय, गच्चीत, आरतीनंतर.

सोडलेल्यांनाही एक विनंती. डॉक्टरांनी विचारलं की नुसतं 'नाही' म्हणू नका. किती वर्षं ओढली आणि कधी सोडली, तेही सांगा.

काल रात्री हे सगळं मामाला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पाच वर्षं म्हणजे मी सहासष्टचा. चालेल."